डक्टमधली दुपार

१

दिशाची मुलगी त्या दुपारी फार गोड दिसत होती, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

अबोली आपल्या बाळासाठी काढलेलं दूध घेऊन काचेपाशी उभी होती. मुलुंडच्या त्या छोट्या ‘कोवळीक’ हॉस्पिटलाचा पहिला मजला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा. काचेपलीकडे तीन पेट्या. दाराजवळच्या पेटीत अबोलीचा मुलगा, मधली पेटी गेल्या आठवड्यापासून रिकामी आणि पार भिंतीकडच्या पेटीत दिशाची मुलगी. एरवी ती पोर हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी पिवळी. आज मात्र गाल लाल, ओठ लाल, कुणी कुंकवाचं बोट फिरवल्यासारखी.

"बघ गं दिशा, कशी रंगाला आलीय!" अबोली म्हणाली.

दिशा हसली. मग हसू तिच्या तोंडावरच राहिलं. "अगं, पण ती हलत का नाहीये?"

आतल्या माणिक सिस्टरलाही ते त्याच क्षणी दिसलं असावं. तिने पेटीत हात घालून बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. पाय ओल्या फडक्यासारखा खाली पडला. पुन्हा टिचकी. पुन्हा तेच. वरच्या पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा नव्व्याण्णववर शांत बसून होता. सगळं झकास चाललंय, असं सांगत.

पुढे धावपळ झाली ती अबोलीला तुकड्यातुकड्यांत आठवत राहिली. डॉक्टर गार्गी चप्पल न घालता धावत आल्या. खाली अँब्युलन्सचा भोंगा वाजला. मोठ्या सरकारी हॉस्पिटलात फोन गेला. आणि जाता जाता दिशाने माणिक सिस्टरचा गाऊन मुठीत धरला.

"काय पाजलंस माझ्या पोरीला? रडते म्हणून झोपवलंस ना? बोल ना!"

माणिकने हात मागे नेऊन भिंत चाचपली. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचा चेहराही उतरला होता.

दिशाचा संशय हवेतला नव्हता. मधल्या पेटीतलं बाळ गेल्या आठवड्यात असंच दुपारी मलूल झालं, भडाभडा ओकलं. त्याच्या वडिलांनी भांडून त्याला दुसरीकडे नेलं. त्या दिवशीही ड्यूटी माणिकची. रविवारी माणिकची सुट्टी, आणि रविवारी कधी काही होत नव्हतं.

"औषध पाजलंय का, ते रक्तात कळेलच," डॉक्टर गार्गी अबोलीला हळू आवाजात म्हणाल्या. "उद्यापर्यंत रिपोर्ट येईल. तसं काही निघालं तर मी स्वतः पोलिसांत जाणार. तुम्ही घाबरू नका. तुमच्या बाळाला मी भिंतीकडच्या जागेवर हलवतेय. बाहेरची ताजी हवा थेट तिथे येते. खोलीतली सगळ्यात चांगली जागा आहे ती."

अबोलीला नको म्हणायचं होतं. पण तिचा मुलगा नळीने श्वास घेत होता. त्याला इथून हलवायचं तर रस्त्यातच काही होईल, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि हलवायचं तरी कुठे? फोन करून झाले होते, कुठेही जागा नव्हती.

तिच्या डोळ्यांदेखत पेटी सरकवत भिंतीशी नेली. नेणारे हात माणिक सिस्टरचे होते.

२

तळमजल्यावर मागच्या अंगाला आयांची खोली होती. वर बाळ असलेल्या बायकांनी तिथे राहायचं, दूध काढून द्यायचं. दोन खाटा, एक बाथरूम. दिशा दिवसभर वर काचेपाशीच बसायची, खोलीत फक्त रात्री झोपायला यायची. आता ती गेल्यावर अबोली एकटीच उरली.

तिने नितेशला फोन केला. तो ठाण्याला कामावर. "मी आत्याला सांगतो," एवढंच तो म्हणाला.

जयंती आत्या म्हणजे नितेशच्या वडिलांची बहीण. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन दिंडोशीला एकटी राहणारी. लग्न केलं नाही, कुणाला का ते विचारू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती खोलीत येऊन बसली. पाठोपाठ अबोलीची सासू जानकी आपली जड पिशवी दोन्ही हातांनी सांभाळत आली.

"वन्सं, तुम्ही इलात?" जानकीच्या कपाळावर आठी पडली. "हय चोर पकडूचो नाय हा. बाळंतीण हा ती. तिका इश्रांती व्हयी."

"तुझ्या नातवाच्या बाजूच्या पोरीला काल कुणीतरी जवळजवळ मारलं, वहिनी. विश्रांतीचं नंतर बघू."

जानकीने पिशवी खाटेखाली ढकलली, पदराच्या टोकाला बोटं पुसली आणि बाथरूममध्ये शिरून बादली भरायला लावली. जाता जाता पुटपुटली, "तुमका काय ठावक बाळंतिणीचा."

आत्याने ते ऐकलं आणि सोडून दिलं. असे टोले ती गेली तीस वर्षं पचवत आली होती.

"बस इथे," ती अबोलीला म्हणाली. "रडू नकोस, आठवत बस. जे होतं ते दुपारीच होतं ना?"

"हो. साधारण जेवणानंतर. उन्हं कलायच्या आधी."

"त्या वेळी वर कोण असतं?"

"माणिक सिस्टर. डॉक्टर मॅडम मध्येच जेवायला घरी जातात. गेल्या आठवड्यात एसीवाला सुयोग पण आला होता, शिडी लावून काहीतरी खुडबुड करत होता."

"आणि तू काय करत असतेस?"

"मी? आंघोळ, जेवण, झोप. आई येतात, डबा देतात, आंघोळ घालतात, मी आडवी होते. बाकी काय करणार? त्या उठवतात तेव्हा डोकं जड झालेलं असतं. झोपच पुरत नाही ना."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. "डॉक्टर म्हणते औषध. पोरीची आई म्हणते औषध. तुला काय वाटतं?"

अबोलीने मान खाली घातली. कालपासून मनात होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "औषधाने झोपलेलं बाळ फिकं पडेल ना, आत्या? ती लाल होती. इतकी तजेलदार की... मला भीती वाटली."

"भीतीच धरून ठेव," आत्या उठत म्हणाली. "शहाणपणापेक्षा तीच कामाला येते कधीकधी."

३

माणिक सिस्टर जिन्यातच भेटली. ड्यूटीवर होती, पण बाळांना हात लावायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम. काम म्हणजे फक्त पडद्याकडे बघत बसायचं.

"मॅडम, मी काही दिलं नाही," ती आधीच म्हणाली.

"मी विचारलंच नाही अजून," आत्या म्हणाली. "काल तू भिंतीला टेकून उभी होतीस. का?"

"घाबरले होते."

"घाबरलेलं माणूस पळतं नाहीतर ओरडतं. टेकतं ते आजारी माणूस. काय होतंय तुला?"

माणिकने इकडेतिकडे पाहिलं. मग तिचा बांध फुटला. "डोकं फुटतं, मॅडम. मळमळतं. परवा बेसिनमध्ये ओकले. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील हिला दिवस गेले, बाळांच्या खोलीतून काढा हिला. मला नोकरी हवीय."

"घरी गेल्यावर?"

"घरी गेले की बरं वाटतं. रविवारी तर काहीच नसतं."

अबोली चमकली. औषध पाजणारी बाई स्वतः कशाला ओकेल?

"आणखी काही वेगळं? कितीही फालतू असू दे."

माणिक ओशाळून हसली. "फालतूच आहे. दुपारी तिथे बसलं की मला उगाच आईची आठवण येते. सोलापूरकडची आमची जुनी खोली डोळ्यांपुढे येते. धाकटा भाऊ झाला होता तेव्हाची. का ते कळत नाही. रडूच येतं."

आत्याने मान डोलावली आणि थेट गच्चीकडे निघाली. अबोली टाके सांभाळत मागून.

गच्चीत सुयोग एसीच्या मशिनाशी बसला होता. तरणाताठा, पण घाबरट. आत्याचा आवाज ऐकूनच त्याचा पाना खाली पडला.

"बाळांच्या खोलीत ताजी हवा कुठून येते रे?"

"बाहेरून, मॅडम."

"बाहेर म्हणजे कुठून? नीट सांग."

"आधी रस्त्याच्या बाजूने यायची. पण खाली मेट्रोचं खोदकाम. चार दिवसांत फिल्टर काळा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, धूळ नको. म्हणून मी पंखा मागे फिरवला. डक्टकडे."

डक्ट. अबोलीने कठड्यावरून वाकून पाहिलं. मुंबईतल्या कुठल्याही इमारतीच्या पाठीत असतं ते अंधारं चौकोनी भोक, ज्यात सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात आणि सगळ्यांचे पाइप उतरतात. पण इथे भोक दिसत नव्हतं. वरून निळी ताडपत्री ताणून घट्ट बांधली होती.

"ही कशाला?"

"कबुतरं, मॅडम. आत घाण करायची. बाळांना त्या घाणीने न्युमोनिया होतो म्हणून मॅडमनीच बांधायला लावली."

आत्या ताडपत्रीकडे बघत उभी राहिली. "म्हणजे बाळं जी ताजी हवा घेतायत, ती झाकण लावलेल्या डब्यातली."

सुयोगचं तोंड पडलं. "वाट लागली," तो स्वतःशीच म्हणाला.

४

डॉक्टर गार्गींनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हे चुकलंच. आजच बदलून घेते. पण यात उत्तर नाही, जयंतीताई. डक्टमध्ये कोंदट हवा असेल, ओल असेल. हवेत ऑक्सिजन कमी पडला असता तर मॉनिटर बोंबलला असता. दिशाच्या मुलीचा आकडा नव्व्याण्णव होता! माझ्या डोळ्यांनी पाहिलाय मी."

सुयोगला डॉक्टरांनी लगेच कामाला लावलं, पण पंखा पुन्हा रस्त्याकडे फिरवायला नवीन पाइप लागणार होता. तो आणायला तो भांडुपला गेला. तोवर पंखा बंद करायचं कुणाच्या मनात आलं नाही. ताजी हवा बंद कशी करायची?

आत्या खाली खोलीत येऊन बसली. जानकी बाहेर औषधाच्या दुकानात गेली होती.

"रविवारी माणिक नसते, रविवारी काही होत नाही. हे सगळ्यांनी धरून ठेवलंय," आत्या म्हणाली. "पण असा एखादा दिवस सांग, जेव्हा माणिक होती आणि तरी काही झालं नाही."

अबोली डोळे मिटून बसली. दिवस सगळे सारखे होते. दूध, जिना, काच. "अमावास्या," ती अचानक म्हणाली. "त्या दिवशी माणिक होती. मी दुपारी दोनदा वर गेले. तिघंही हातपाय हलवत होते, मधलं बाळही तेव्हा होतं. मी नितेशला व्हिडिओ पाठवलाय."

"मग त्या दिवशी वेगळं काय होतं? रविवारसारखं काय होतं?"

"रविवारी नितेशला सुट्टी. तो डबा आणतो, आई घरी थांबतात. अमावास्येला आई आल्या होत्या, पण लवकर गेल्या. त्या दिवशी अंगाला तेल लावत नाहीत ना, म्हणून आंघोळच नव्हती."

"आंघोळ नव्हती." आत्या ताडकन उठली. "पाणी कशावर तापवता? गीझर गॅसचा आहे?"

तिने बाथरूमचं दार ढकललं. गॅसच्या गीझरने बंद बाथरूममध्ये माणसं गेलेली तिने नोकरीत पाहिली होती. आत्याने मान वर करून पाहिलं, आणि तिचे खांदे खाली आले.

गीझर विजेचा होता. शेजारी खिडकीत एक्झॉस्टचा पंखा, पलीकडे डक्टचा अंधार. बादली, तांब्या, ओला पाट. जळणारं काहीही नाही.

"आंघोळीने कुणी मरत नाही," आत्या हताश होऊन म्हणाली.

तेवढ्यात अबोलीचा फोन वाजला. मोठ्या हॉस्पिटलातून दिशा बोलत होती. आवाज इतका बारीक, की आत्याने फोन स्पीकरवर टाकला.

"रक्तात औषध काहीच नाही निघालं. डॉक्टर विचारतायत, बाळ कुठल्या आगीत सापडलं होतं का? तिच्या रक्तात कोळशाचा वायू आहे म्हणे. कार्बन मोनॉक्साइड. अबोली, तिथे आग कुठे होती गं?"

अबोली कॉलेजात रसायनशास्त्र शिकली होती, परीक्षेपुरतं. आता ते पान डोळ्यांपुढे लख्ख उघडलं. हा वायू रक्ताला ऑक्सिजनपेक्षा घट्ट बिलगतो आणि रक्त लालच ठेवतो. बोटाला लावलेलं यंत्र लाल रंग बघतं. रक्त कशाने लाल झालंय, ते त्याला ओळखता येत नाही. म्हणून नव्व्याण्णव. म्हणून कुंकवासारखे गाल.

"आग शोधायला हवी," आत्या दाराकडे धावत म्हणाली. "मी कँटीन बघते, शेजारची इस्त्रीची टपरी बघते. वरचा पंखा सुयोगने बंद केलाच असेल. तू इथून हलू नकोस."

५

आत्या गेली आणि जानकी आली.

"गो, असा काय तोंड केलंस? ऊठ. पाणी गार होता."

"आई, आज नको. वर जाऊन बसते."

"वर बसान काय करतलंस? आंग धरला तर पोराक दूध कोण देतला? चल."

अबोली गेली. रोज जायची तशीच गेली. कढत पाणी पाठीवर पडत होतं आणि ती एकच विचार घोळवत होती. आग कुठे असते? धूर तर कुणालाच दिसला नव्हता. कँटीन रस्त्याच्या बाजूला. टपरी पलीकडच्या गल्लीत. डक्टमध्ये तर फक्त बाथरूमच्या खिडक्या.

आंघोळ झाली. कानाला फडकं बांधून ती खाटेवर आडवी झाली. खालून ऊब हळूहळू पाठीत शिरू लागली, डोळे जड होऊ लागले. नंतर जानकीने बाथरूमचं दार ओढून घेतल्याचं आणि एक्झॉस्ट सुरू केल्याचं तिने झोपेतच ऐकलं.

दारावर टकटक झाली. जानकीने अर्धवट उघडलं. माणिक सिस्टर होती.

"ताईंचं दूध न्यायला आले. वर आता नवीन सिस्टर आलीय, मला तेवढंच काम दिलंय." ती आत आली, अबोलीवर वाकली, आणि वाकलेलीच राहिली. तिचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"काही नाही, ताई. तुमच्या केसांना... माझ्या आईचा वास येतोय. भाऊ झाला तेव्हाचा. ओवा, शेपा, आणि..."

आणि कोळसा.

अबोली उठून बसली. जे रोज होतं, इतकं रोज की दिसायचंच बंद झालं होतं, ते तिला आत्ता दिसलं. आंघोळ म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. बाळंतिणीची आंघोळ म्हणजे तेल, पाणी, ओव्याची धुरी आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी. कुणी ते वेगळं सांगतच नाही. तिच्या आईने सांगितलं नसतं, आजीने सांगितलं नसतं. आत्याने विचारलं तेव्हा तिनेही सांगितलं नव्हतं. आणि आत्या कधी बाळंतीणच झाली नव्हती, तिला कोण सांगणार?

"आई, शेगडी कुठाय?"

जानकी गोंधळली. "खय म्हणजे? न्हाणीत ठेवलंय. आतमधी पंखो लावलंय, वास जाऊचो म्हणान. ती डॉक्टरीण ओरडता ना."

अबोलीने बाथरूमचं दार उघडलं. कोपऱ्यात छोटी लोखंडी शेगडी, तिच्यात राखेखाली लालभडक निखारे. वर खिडकीत पंखा गरगरत होता. आतली सगळी हवा उपसून डक्टमध्ये टाकत होता.

आणि डक्टवर ताडपत्री होती. आणि एक मजला वरून दुसऱ्या पंख्याची घरघर येत होती. तो कुणी बंद केलाच नव्हता, तीच हवा आत ओढत होता. थेट भिंतीकडच्या पेटीवर.

टाके आहेत हे ती विसरली. जिन्यात पायाला काहीतरी ऊन ऊन ओघळलं तेही तिला कळलं नाही. काचेपलीकडे नवीन सिस्टर पडद्यासमोर निवांत बसली होती. आकडा नव्व्याण्णव. तिचा मुलगा पेटीत डोळे मिटून पडला होता.

जन्मल्यापासून प्रथमच त्याचे गाल गुलाबी झाले होते.

६

"पंखा बंद करा!" अबोली ओरडली.

"कुठला पंखा? आकडा तर..."

"आकडा खोटाय!"

मागून आलेल्या माणिकने वाद घातला नाही. तिने बटण खाली पाडलं, पेटीला शुद्ध ऑक्सिजन पूर्ण सोडला आणि कोपऱ्यातलं स्टूल उचलून रस्त्याकडच्या बंद खिडकीवर घातलं. काच खळकन फुटली. धूळ आत आली, खोदकामाचा धडधडाट आत आला. इतकी घाणेरडी हवा कुणाला कधी इतकी हवीशी वाटली नसेल.

कँटीनमधून परतताना अबोलीची ओरड ऐकून आत्या तोवर थेट गच्चीत पोचली होती. ताडपत्रीची दोरी सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली, असं पाइप घेऊन परतलेला सुयोग नंतर सगळ्यांना सांगत सुटला.

डॉक्टर गार्गी आल्या. रक्त काढलं. मग वाट बघणं आलं. अबोली काचेला कपाळ लावून उभी राहिली. गुलाबी रंग उतरतोय का, एवढंच ती बघत होती. आपलं बाळ पुन्हा फिकं पडावं म्हणून कुठल्या आईने देवाला हात जोडले असतील?

संध्याकाळी त्याने पायाचा अंगठा हलवला. मग दुसरा पाय झाडला. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "वेळेत झालं," त्या म्हणाल्या. "थोडकंच गेलं होतं अंगात."

मग त्या माणिककडे वळल्या. काय बोलावं ते त्यांना सुचेना. माणिकनेच सुचवलं. "माफी नंतर मागा, मॅडम. आधी ती खिडकी कुणाच्या पगारातून जाणार ते सांगा."

डॉक्टर हसल्या, आणि हसतानाच रडल्या.

केबिनमध्ये आत्याने सगळं ओळीने मांडलं. "कुणीच वाईट नव्हतं, म्हणून सापडत नव्हतं. डॉक्टरांनी धुळीला भिऊन पंखा फिरवला. कबुतरांना भिऊन डक्ट झाकलं. वहिनी बाळंतिणीच्या अंगात वारा जाईल म्हणून भ्यायली, आणि डॉक्टर ओरडतील म्हणून शेगडी लपवली. माणिक नोकरीला भिऊन डोकेदुखीबद्दल गप्प बसली. रविवारी आणि अमावास्येला शेगडी पेटली नाही, त्या दिवशी बाळं बरी. भिंतीकडची पेटी पंख्याखाली, म्हणून तिथलं बाळ सगळ्यात वाईट. एवढंच." ती थांबली. "आणि मी बाथरूममध्ये उभी राहून ‘आंघोळीने कुणी मरत नाही’ म्हणाले. तेव्हा ती शेगडी माझ्यापासून चार हातांवर होती, खाटेखालच्या पिशवीत."

जानकी दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "वन्सं," ती म्हणाली, "म्हणजे दिशाच्या चेडवाक... मी?"

आत्याने आयुष्यभर गुन्हेगारांकडून कबुल्या घेतल्या होत्या. या बाईसाठी तिने खुर्ची पुढे सरकवली.

अबोलीनेच दिशाला फोन केला. "आग सापडली," ती म्हणाली. "आमच्या खोलीत होती. माझ्यासाठी पेटवलेली. तू तिथल्या डॉक्टरांना सांग, रोज दुपारी जात होतं अंगात, एकदाच नाही." दिशा म्हणाली, "सांगते." शिवी दिली नाही, बरं म्हटलं नाही. फोन ठेवला. तिच्या मुलीने डोळे उघडल्याचा निरोप पुढे माणिककडून आला. अबोलीला दिशाचा फोन आला नाही, आणि आपण होऊन करायची तिची छाती झाली नाही.

बाळाची नळी निघाली तेव्हा पाऊसपाण्याचे दिवस सरत आले होते. खाली खोलीत, उघड्या खिडकीशी, माणिकने त्याला प्रथमच अबोलीच्या मांडीवर दिलं. जानकी भिंतीशी उभी होती. त्या दुपारनंतर ती रोज आली होती. डबा ठेवायची आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची. वर काचेपर्यंत एकदाही चढली नव्हती.

"अबोली," ती म्हणाली. सुनेला ती नेहमी ‘गो’ म्हणायची. नाव घेतलेलं अबोलीने कधी ऐकलं नव्हतं. "घेव?"

आजपर्यंत या बाईने काही विचारून घेतलं नव्हतं. सुनेच्या नावाचा नवस असो, पाठीला तेल असो, ताटातला घास असो.

अबोलीने बाळाकडे पाहिलं. फिकट, सुरकुतलेला, रागीट चेहरा. तिचे हात त्याच्याभोवती आवळले. नको, असं तिच्या अंगातलं सगळं रक्त म्हणत होतं, आणि त्यात जानकीवरचा राग नव्हता. नुसती भीती होती. ही आता सुटायची नाही, हे तिला कळलं. शेगडीची नाही, हवेची नाही. प्रेमाने पुढे येणाऱ्या प्रत्येक हाताची भीती. त्यात तिचे स्वतःचेही हात आले.

जानकीने हात मागे घेतले. "ऱ्हवांदे," ती म्हणाली. "मगे कधीतरी."

"आई, बसा," अबोली म्हणाली. "इथे. माझ्या बाजूला. उभ्याने नको."

जानकी खाटेच्या कडेला बसली, अंग चोरून. अबोलीने बाळ आपल्या मांडीवरून अर्धं तिच्या मांडीवर सरकवलं. डोकं स्वतःकडे ठेवलं, पाय सासूकडे दिले. त्याहून जास्त तिला त्या दिवशी जमलं नाही.

बाळाने पाय झाडला. जानकीने तो दोन बोटांत धरला आणि श्वास रोखून बसून राहिली.